त्यागांतील वंचना

ज्याच्यासाठीं त्याग केला त्यालाच अंधारांत ठेवलें, तर त्या त्यागाचें मोल किती उरतें? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांतला वाटेल, पण बी. बी. सी. च्या 'शेरलॉक' या मालिकेनें तो मोठ्या तीव्रतेनें उभा केला आहे. तिच्या दुसऱ्या पर्वाचा अखेरचा भाग, 'द रायकेनबाख फॉल', १५ जानेवारी २०१२ रोजीं प्रक्षेपित झाला.

आर्थर कॉनन डॉइल यांनीं १८९३ सालीं 'द फायनल प्रॉब्लेम' ही कथा प्रसिद्ध करून आपल्या नायकास स्वित्झर्लंडमधील धबधब्याच्या स्वाधीन केलें. मॉरिआर्टीचा नाश होत असेल तर आपला प्राण गेला तरी बेहत्तर, ही त्या होम्सची वृत्ति. तेथें प्राण जातो, पण नांव उजळतें. मालिकेनें हा हिशेब उलटा केला आहे. येथील मॉरिआर्टी आधीं नांवावर घाला घालतो. शेरलॉकनें उकललेले गुन्हे त्यानेंच घडविले, असें तो वृत्तपत्राच्या द्वारें जगास पटवितो. आणि मग रुग्णालयाच्या गच्चीवर अट घालतो कीं, उडी घे, नाहीं तर जॉन वॉटसन, मिसेस हडसन व लेस्ट्रेड हे तिघे मरतील. बुद्धीचा गर्व हाच ज्याचा श्वास, तो मनुष्य दूरध्वनीवरून मित्रास सांगतो कीं, मी लबाड होतों! प्राण देणारे वीर पुष्कळ आढळतात. अपकीर्ति पत्करणारा विरळा. बेनेडिक्ट कंबरबॅच यांचा अभिनय या प्रसंगीं खरोखर हेलावून सोडतो.

या त्यागामागें एक विश्वासघातही आहे. बंदींत असलेल्या मॉरिआर्टीस बोलतें करण्यासाठीं सख्ख्या भावानें, मायक्रॉफ्टनें, शेरलॉकच्या आयुष्यांतील हकिगती त्याला पुरविल्या. त्यांतूनच हें कुभांड रचलें गेलें. राज्याच्या हितासाठीं भाऊ विकावा काय, हा प्रश्न त्यामुळें प्रेक्षकाच्या मनांत रुततो. परंतु १ जानेवारी २०१४ च्या भागांत शेरलॉक सांगतो कीं, तेंही दोघां भावांनीं आधींच योजिलें होतें. येथें लेखकांनीं चातुर्य मिळविलें आणि शोकांतिका गमावली.

मात्र त्याच भागांत मालिका एका बाबतींत डॉइलपेक्षां प्रामाणिक ठरते. १९०३ च्या कथेंत परतलेल्या होम्सला पाहून वॉटसन मूर्च्छित पडतो, आणि शुद्धीवर येतांच सर्व विसरतो. मालिकेंतील जॉन मात्र मित्रावर हात टाकतो. आमच्या मतें त्याचा संताप सर्वस्वीं न्याय्य आहे. उडीच्या क्षणीं मारेकऱ्याची दृष्टि जॉनवर होती. त्याचे अश्रू खरे असणें अवश्यच होतें. तेवढी वंचना क्षम्य होय. परंतु पुढील दोन वर्षांचें मौन? मॉलीस ठाऊक, भावास ठाऊक, रस्त्यावरील निराश्रितांसही ठाऊक. जॉन तेवढा थडग्यापाशीं उभा! तो कदाचित् गुपित फोडील, ही त्याची सबब. म्हणजे ज्याच्या जिवासाठीं आपलें नांव दिलें, त्याच्या जिभेवर मात्र विश्वास नाहीं.

शेरलॉकनें आपलें दुःख स्वखुषीनें पत्करलें. जॉनचें दुःख त्याला न विचारतां त्याच्यावर लादलें. पहिल्याला त्याग म्हणावें. दुसऱ्याला तें नांव देतां येत नाहीं. हा भेद स्पष्ट करून दाखविणें हेंच या दोन भागांचें खरें यश आहे.