रुग्णसुरक्षेचा पाठ आणि दुसरा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेली रुग्णसुरक्षेची अध्यापन-मार्गदर्शिका वैद्यक, परिचर्या, दंतवैद्यक, औषधनिर्माण व प्रसूतिविद्या या शाखांच्या विद्यार्थ्यांना एकाच पाठाभोवती बसविते, हे तिचे मोठे श्रेय होय. तिच्या ११ विषयांपैकी जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया व औषधयोजना यांवरील प्रकरणे उपयुक्त आहेत. त्यांविषयी वाद नाही. कसोटी लागते ती संघकार्यावरील चौथ्या प्रकरणात.

या प्रकरणात एक नियम सांगितला आहे : धोका जाणवल्यास आपली शंका निदान दोनदा बोलून दाखवावी. या नियमाचे मोल नॉटिंगहॅम येथील २००१ च्या घटनेवरून ध्यानी येते. शिरेतून द्यावयाचे व्हिंक्रिस्टिन १८ वर्षांच्या एका रुग्णाच्या मणक्यातील द्रवात टोचले गेले व तो दगावला. कनिष्ठ डॉक्टराने सिरिंज हाती घेताना शंका विचारली होती. वरिष्ठाने होकार दिला आणि प्रश्न तेथेच संपला. शिरेसाठी भरलेली सिरिंज मणक्याच्या सुईलाही बसत होती, हा व्यवस्थेचा दोष. २००३ साली कारावास मात्र एका व्यक्तीला झाला. व्यवस्थेच्या दोषांचे विवेचन मार्गदर्शिका उत्तम करते. जेम्स रीझन यांचे भोके पडलेल्या चीजच्या चकत्यांचे रूपक तिने स्वीकारले आहे. (एकावर एक ठेवलेल्या चाळण्या म्हटले असते, तर मराठी विद्यार्थ्याला ते लवकर उमगले असते.)

तथापि दुसऱ्यांदा विचारण्याचे बळ कोठून यावे, याचे उत्तर तिच्यात तोकडे आहे. चिंता, अस्वस्थता, सुरक्षितता अशा चढत्या पायऱ्यांनी आक्षेप मांडण्याची रीत ती शिकविते. परंतु मराठी रुग्णालयात शिकाऊ परिचारिकेची शंका बहुधा "सर, हेच द्यायचे ना?" एवढेच रूप घेते. हे वाक्य आक्षेपाचे नव्हे, अनुज्ञेचे आहे; त्यातील 'ना' होकार आधीच मागून घेतो. पायऱ्यांची नावे पाठ करून हे वळण मोडणे कठीण.

मार्गदर्शिकेच्या पहिल्या भागात अध्यापकांना उद्देशून पुष्कळ लिहिले आहे. पण परीक्षा सुचविली आहे ती विद्यार्थ्याची. ज्या महाविद्यालयांना हा अभ्यासक्रम स्वीकारावयाचा असेल, त्यांनी चौथे प्रकरण प्रथम प्राध्यापक, निवासी डॉक्टर व मेट्रन यांस शिकवावे आणि प्रात्यक्षिकात वरिष्ठाची भूमिका खऱ्या वरिष्ठाकडेच द्यावी. विद्यार्थ्याने दुसऱ्यांदा विचारल्यावर तो काय करतो, याचीही नोंद परीक्षकाने घ्यावी.