दर्प, शोकात्मिकेतील

शोकात्मिकेचा नायक गर्वामुळे नाश पावतो, ह्या प्रचलित विधानामागील ग्रीक संकल्पना. तिचे ग्रीक नाव ‘ह्यूब्रिस’. अथेन्समध्ये हा शब्द मनोवृत्तीपेक्षा कृतीचा वाचक होता. दुसऱ्याला अपमानित करण्यात सुख मानून केलेली आगळीक, असा त्याचा अर्थ ॲरिस्टॉटलच्या ‘रेटरिक’ ह्या ग्रंथात आढळतो. अथेन्सच्या कायद्याने ती दंडनीयही होती. मराठीत ‘अभिमान’ निंद्य नाही. म्हणून ‘दर्प’ हा शब्द तिला अधिक जवळचा.

नायकाच्या पतनाचे कारण म्हणून ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’ मध्ये दर्पाचा नव्हे, तर ‘हामार्तिआ’चा (प्रमादाचा) निर्देश केला आहे. दोहोंची सांगड पुढील समीक्षकांनी घातली आणि पाठ्यपुस्तकांनी ती रूढ केली. एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ (इ. स. पू. ४७२) ह्या नाटकाला ती लागू पडते : हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर नावांचा पूल बांधणाऱ्या झर्क्सीझला त्याच्या मृत पित्याचे भूतच उद्धटपणाबद्दल दोष देते. सॉफोक्लीझच्या ‘अँटिगॉनी’ मधील क्रेऑन प्रेताला मूठमाती नाकारतो आणि पुत्र व पत्नी गमावतो. ईडिपसला मात्र हे सूत्र लावणे अन्यायाचे आहे. तो तापट आहे, आपल्या बुद्धीवर त्याचा फाजील विश्वास आहे. पण पितृवध व मातृविवाह त्याच्या हातून अजाणता घडतात, आणि ते उघड होतात ते त्याने नगरासाठी सत्याचा पाठपुरावा केल्यामुळे.

मराठीत ह्या संकल्पनेची खरी कसोटी राम गणेश गडकरी ह्यांच्या ‘एकच प्याला’ ह्या नाटकात लागते. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्येच गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्यास रंगभूमीवर आणले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची होती. मद्यपाननिषेधाचे नाटक अशी त्याची ख्याती आहे आणि तळीरामाच्या मंडळाच्या विनोदी प्रवेशांनी ती दृढ केली. परंतु मद्य हे सुधाकराच्या नाशाचे साधन आहे, मूळ नव्हे. हा बुद्धिमान वकील न्यायालयातील खटक्यानंतर सनद गमावतो, आणि झालेला अपमान विसरण्यासाठी प्याला हाती घेतो. येथवर त्याचा दोष अभिमानाचा आहे. प्रेक्षकाची सहानुभूतीही त्याच्याकडेच राहते. ग्रीक अर्थाचा दर्प सुरू होतो तो सिंधूने माहेरची मदत घ्यायची नाही, ह्या त्याच्या आग्रहापासून. स्वतःचा ताठा तो पत्नीच्या कष्टांवर पोसतो. ती दळण दळून संसार रेटते. अपमान सोसू न शकणारा माणूस आपल्या आश्रितांचा अपमान करू लागतो, हे स्थित्यंतर गडकऱ्यांनी अचूक टिपले आहे. रामलालाच्या लांबलचक भाषणांत ते काहीसे झाकोळते, हा नाटकाचा दोष होय.

ह्या दृष्टीने सुधाकर ईडिपसपेक्षा क्रेऑनचा सगोत्र ठरतो. दोघांच्याही दर्पाची शिक्षा आधी घरातील माणसांना मिळते. सुधाकराच्या काठीने मूल दगावते, सिंधूही प्राणांतिक जखमी होते. आणि मरतानाही ती पतीला वाचवण्यासाठी पोलिसांपुढे खोटे सांगते. तिच्या ह्या क्षमेने त्याचा ताठा मोडतो आणि तो विष घेतो. सॉफोक्लीझने क्रेऑनला ही सुटका दिलेली नाही. मृत्यूची याचना करीत तो जिवंत राहतो.