‘पर्यायी वीज : होय’ – एका रकान्याची चिकित्सा

शिक्षकाला वर्षभर अनेक नमुने भरावे लागतात. शाळेच्या माहितीचा, मतदान केंद्राचा, आपत्तीच्या काळात गावकऱ्यांच्या निवाऱ्यासाठी शाळा घ्यायची असेल तर त्याचा. कोणत्या ना कोणत्या नमुन्यात एक रकाना हमखास भेटतो : पर्यायी वीजव्यवस्था आहे का? होय / नाही. शाळेत इन्व्हर्टर असेल तर आपण ‘होय’वर खूण करतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. मोठ्या शासकीय संकुलांच्या आराखड्यांतही हाच प्रश्न थोड्या वजनदार भाषेत येतो आणि ‘पर्यायी उपकेंद्र प्रस्तावित आहे’ एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण होते. या लेखात आम्हांला या ‘होय’ची चिकित्सा करायची आहे. ज्या जिल्ह्यात आम्ही राहतो त्या रत्नागिरीत हा शब्द नुसता कागदावरचा नाही.

गेल्या काही वर्षांतल्या तीन तारखा पाहा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून पुढे गेले; माड आणि आंब्याची झाडे तारांवर पडली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. त्या वेळी पाण्याने वेढलेल्या एका कोविड रुग्णालयात वीज गेल्यावर कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण दगावल्याच्या बातम्या राज्यभर आल्या. प्रत्येक मृत्यूच्या कारणाबद्दल वाद होऊ शकेल. पण वीज जाणे आणि श्वास थांबणे यांत किती थोडे अंतर असते, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

यावर विद्यार्थी एक रास्त प्रश्न विचारतात. कोयनेचे भूमिगत वीजगृह पोफळीला, म्हणजे चिपळूण तालुक्यातच. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. वीज तयार करून सुटलेले पाणी वाशिष्ठीलाच मिळते. जयगडला १,२०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. मग अंधार आमच्याच जिल्ह्यात का? उत्तर असे की वीज जवळ तयार होणे आणि वीज घरात पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या केंद्रांतून वीज २२० किंवा ४०० किलोव्होल्ट दाबाने उंच मनोऱ्यांवरून दूर जाते. ती टप्प्याटप्प्याने उतरवत ३३ किलोव्होल्टवर, मग ११ किलोव्होल्टवर आणली जाते आणि शेवटी रोहित्रातून ४०० व्होल्टच्या आसपास, म्हणजे आपल्या घरातील २३० व्होल्टपर्यंत येते. वादळात बहुधा मोडतो तो हा शेवटचा, आखूड आणि अशक्त टप्पा. समुद्र शेजारी असला म्हणून विहीर भरत नाही, तसेच हे.

आता शासकीय संकुलाकडे वळू. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा रुग्णालय, न्यायालय, कोषागार, आपत्ती नियंत्रण कक्ष अशी कामे चालतात. अशा एखाद्या संकुलासाठी पर्यायी उपकेंद्राचा आराखडा केला, तर तो बहुतेक वेळा असा निघतो : आहे त्याच आवारात आणखी एक रोहित्र, त्याच्या शेजारी आणखी एक खटकाफलक, आणि तळघरात किंवा वाहनतळाच्या कोपऱ्यात एक डिझेल जनित्र. कागदावर सर्व काही दुहेरी दिसते.

या आराखड्यात काहीच अर्थ नाही, असे आमचे म्हणणे नाही. रोहित्र जळाले तर नवे आणून, बसवून, तपासून सुरू करायला दिवस लागतात. मोठे असेल तर त्याहूनही अधिक. दुसरे रोहित्र तयार असेल तर तोच पुरवठा थोड्या वेळात पूर्ववत होतो. देखभालीसाठी एक बंद ठेवायचे तरी दुसरे उपयोगी पडते. हा फायदा खरा आहे. आमचा आक्षेप पुढे सुरू होतो. ‘पर्यायी’ म्हणताना कशाला पर्याय, हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

आठवी-दहावीच्या वर्गात आपण एकसर आणि समांतर जोडणी शिकवतो. एकसर जोडणीत एक दिवा गेला की सर्व जातात. समांतर जोडणीत एक गेला तरी बाकीचे जळत राहतात. वरच्या आराखड्यावर हीच कसोटी लावू. दोन रोहित्रे समांतर आहेत, हे ठीक. पण दोघांना वीज देणारी ११ किलोव्होल्टची वाहिनी एकच असेल, तर ती वाहिनी दोघांशीही एकसरीत आहे. दोन वाहिन्या घेतल्या, पण त्या एकाच खांबांच्या रांगेवरून किंवा एकाच चरातून आल्या, तर ते खांब आणि तो चर एकसरीत. दोन्ही वाहिन्या एकाच ३३ किलोव्होल्ट उपकेंद्रातून निघत असतील, तर ते उपकेंद्र एकसरीत. आणि सर्व यंत्रे एकाच सखल आवारात असतील, तर पुराचे पाणी एकसरीत! ज्या एका गोष्टीच्या जाण्याने दोन्ही वाटा बंद पडतात, ती शोधणे हेच नियोजनाचे खरे काम आहे.

थोडे गणित करून पाहू. आकडे उदाहरणापुरतेच घेतले आहेत. समजा, एक वाहिनी वर्षाच्या एक टक्का वेळ बंद असते. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे सुमारे ८८ तास अंधार. तशीच दुसरी वाहिनी घेतली आणि दोघींच्या बिघाडांचा परस्परांशी काहीही संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता ०.०१ × ०.०१, म्हणजे दहा हजारांत एक. वर्षात जेमतेम ५३ मिनिटे. ८८ तासांवरून ५३ मिनिटांवर! आराखडा करणाऱ्यांना हेच उत्तर आवडते.

पण समजा, त्या बंद वेळेपैकी फक्त दहावा भाग दोन्ही वाहिन्यांना सामाईक असलेल्या कारणांमुळे येतो : तेच वादळ, तेच झाड, तेच उपकेंद्र. मग या सामाईक कारणांमुळेच वर्षात ८,७६० × ०.००१, म्हणजे पावणेनऊ तासांचा अंधार होईल. उरलेल्या स्वतंत्र कारणांमुळे दोन्ही एकदम जाण्याची आणखी सुमारे ४३ मिनिटे. एकूण साडेनऊ तास. ५३ मिनिटांच्या दहापटीहून अधिक. पैसे दुपटीचे खर्च झाले, पण सुरक्षिततेची अपेक्षा फोल ठरली. शिवाय हे साडेनऊ तास वर्षभर विखुरलेले नसतात. ते नेमके वादळाच्या रात्री येतात, म्हणजे संकुलाची गरज सर्वांत मोठी असते तेव्हा. संभाव्यतांचा गुणाकार फक्त स्वतंत्र घटनांसाठी, हे वाक्य आपण गणिताच्या तासाला फळ्यावर लिहितो. त्याचे इतके गंभीर उदाहरण क्वचित सापडेल.

ही चूक केवळ आपल्याकडेच होते असे नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप झाला तेव्हा फुकुशिमा दाइची अणुकेंद्राला बाहेरून येणारी वीज तुटली. आपत्कालीन डिझेल जनित्रे ठरल्याप्रमाणे सुरूही झाली. सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामीचे पाणी आत आले. बरीचशी जनित्रे आणि खटकाफलक खालच्या मजल्यांवर होते. ते बुडाले आणि शीतन बंद पडले. जनित्रे अनेक होती, पण पाणी एकच पुरले. २९ ऑक्टोबर २०१२ च्या ‘सँडी’ वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयाची जनित्रे तेराव्या मजल्यावर सुरक्षित होती. त्यांना इंधन चढवणारे पंप मात्र तळघरात होते आणि ते बुडाले. कर्मचाऱ्यांनी जिन्यावरून हातोहात इंधन वर पोचवले. अखेर रुग्णालय रिकामे करावे लागले. आपल्या राज्यात १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, तेव्हाही मार्ग अनेक होते; पण एक ४०० किलोव्होल्ट वाहिनी आधीच बंद असताना दुसरी गेली आणि उरलेल्यांना भार पेलवला नाही. एक वाट दुरुस्तीला गेली की त्या काळात पर्याय उरलेलाच नसतो, हे आराखड्यात कुठे लिहिलेले असते?

दुसरी उणीव भाराच्या हिशेबात असते. संकुलाचा कमाल भार, समजा, १,००० किलोवॉट आहे. तो सर्वच्या सर्व पर्यायी व्यवस्थेवर टाकायचा म्हटले की खर्च फुगतो, आणि खर्च फुगला की प्रस्ताव बारगळतो. वास्तविक शस्त्रक्रियागृह, श्वसनयंत्रे, रक्तपेढीची व लसींची शीतकपाटे, नियंत्रण कक्ष, बिनतारी संदेशयंत्रणा आणि पाण्याचा पंप एवढेच घेतले, तर कदाचित २०० किलोवॉट पुरतील. पण त्यासाठी या भाराची तारजोडणी पहिल्यापासून वेगळी हवी. वातानुकूलन यंत्रे आणि श्वसनयंत्रे एकाच फलकावर असतील, तर ऐन वेळी निवड करताच येत नाही.

मग इंधन. एक लिटर डिझेलपासून साधारण साडेतीन युनिट वीज मिळते. २०० किलोवॉट भार २४ तास चालवायचा तर ४,८०० युनिट, म्हणजे सुमारे १,४०० लिटर डिझेल रोज. तीन दिवसांना ४,००० लिटरहून अधिक. घाटात दरड कोसळली आणि पेट्रोलपंपही विजेअभावी बंद पडले, तर ते कुठून येणार? ‘जनित्र आहे’ या वाक्यात ‘किती तास?’ हा प्रश्न लपलेला असतो. त्याशिवाय जनित्र सुरू होऊन भार घेईपर्यंत काही सेकंद जातात. त्या सेकंदांसाठी विद्युतघटांची व्यवस्था लागते. आणि जनित्राची वीज उलट बाहेरच्या तारांत जाऊ नये म्हणून दोन्ही खटके एकाच वेळी जोडले न जाण्याची पक्की योजना लागते. नाहीतर बाहेर तार जोडणाऱ्या वायरमनचा जीव जातो. संकुलातला उजेड त्याच्या जिवावर नको.

तिसरी उणीव स्थळाची. आराखडे अनेकदा एकाच साच्यातून निघतात. कोकण मात्र त्या साच्यात बसत नाही. समुद्रावरून येणारे खारे वारे चिनीमातीच्या विसंवाहकांवर मिठाचा थर चढवतात. कोरडा असताना तो फारसे काही करत नाही. पण पहिल्या रिमझिम पावसात ओला झाला की त्यावरून वीज वाहू लागते आणि ठिणगी उडते. म्हणून मृगापूर्वी विसंवाहक धुणे हे येथे चैनीचे काम नाही. जांभ्या दगडाचे तसेच. पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि भूसंपर्क चांगला मिळतो. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत होतो आणि भूसंपर्काचा रोध वाढतो. अर्थिंगचे मोजमाप ऑगस्टमध्ये करून ‘ठीक आहे’ असा शेरा मारणे म्हणजे भरल्या विहिरीवरून उन्हाळ्याच्या पाण्याचा अंदाज बांधणे होय. वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा उपाय झाडे व वारा यांच्याविरुद्ध उत्तम आहे. चक्रीवादळाचा धोका असलेल्या किनारी शहरांत तो हाती घेतला गेला, हे योग्यच झाले. पण जांभ्यात चर खोदणे खर्चाचे, आणि केबलमधला बिघाड शोधणे तारेतल्या बिघाडापेक्षा वेळखाऊ. शिवाय जमिनीखालची केबल शेवटी जमिनीवरच्या खटकापेटीतच येते. ती पेटी पूररेषेच्या खाली असेल तर काय साधले?

यावर कोणी म्हणेल, हे सर्व करायला पैसा कुठून आणायचा? आक्षेप रास्त आहे. वेगळ्या उपकेंद्रातून, वेगळ्या रस्त्याने दुसरी वाहिनी आणणे महागच. पण आम्ही सुचवलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच जवळजवळ फुकट आहेत, जर त्या इमारत बांधण्याआधी सुचल्या तर! जनित्र, इंधनपंप आणि खटकाफलक तळघराऐवजी उंचावर ठेवणे, आवश्यक भाराच्या तारा वेगळ्या टाकणे, दर महिन्याला जनित्र रिकामे न चालवता प्रत्यक्ष भारावर चालवून पाहणे. इमारत उभी राहिल्यावर हेच काम कित्येक पटींनी महाग पडते.

आता थोडे आपल्याकडे, शिक्षकांकडे. पाठ्यपुस्तकातल्या परिपथात घट, दिवा, खटका असतो. परिपथ जोडला की दिवा लागतो आणि पाठ संपतो. ‘यातले काय तुटले तर काय होईल?’ हा प्रश्न आपण क्वचित विचारतो. म्हणून एक उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांनी शाळेची वीज मीटरपासून खांबापर्यंत, खांबापासून रोहित्रापर्यंत नजरेने मागे मागे शोधत जावी आणि तिचा नकाशा काढावा. (रोहित्राच्या कुंपणाला हात लावायचा नाही, पडलेल्या तारेजवळ जायचे नाही, हे आधी बजावावे.) मग एकेक घटक खोडून पाहावा : हा गेला तर कोणाकोणाकडे अंधार? जो खोडल्यावर सर्व काही विझते, त्याभोवती लाल वर्तुळ काढावे. गावातल्या आरोग्य केंद्राचाही असाच नकाशा करता येईल.

आणि तो रकाना? ‘होय / नाही’ऐवजी तेथे पाच प्रश्न असावेत, असे आम्हांला वाटते. कोणत्या संकटाला पर्याय? दोन्ही वाटांत सामाईक काय? कोणता भार चालेल? किती तास? आणि प्रत्यक्ष भारावर शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली? पुढच्या वेळी नमुना हातात आला की ‘होय’वर खूण करण्यापूर्वी या पाचांपैकी निदान एकाचे उत्तर समासात लिहून पाठवावे. नमुना बदलायला वेळ लागेल. समास मात्र आजही मोकळा आहे.