अभिजात मोटारींची संगणकीय प्रतिरूपे : तपशील आणि सत्याभास (पद्मिनी व जिप्सी यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

जुन्या, अभिजात मोटारगाडीचे हुबेहूब त्रिमितीय मॉडेल संगणकावर रचणे आणि त्याचे रेंडरिंग करून छायाचित्रासारखे चित्र मिळविणे, हा गेल्या दोन-अडीच दशकांत जगभर रुजलेला छंद आहे. त्याचा व्यवसायाशी संबंध असतोच असे नाही. कार्यालयातून घरी परतलेला अभियंता, पदविकेचा विद्यार्थी किंवा निवृत्त आरेखक एकाच गाडीवर महिनोन्महिने काम करतो. आधी तिचा आकार, मग रंग, काच, क्रोम व रबर यांचे गुणधर्म, आणि अखेरीस प्रकाशाचे गणित असा हा क्रम असतो. पाहणाऱ्याने चित्राला छायाचित्र समजून फसावे, हेच या श्रमाचे साफल्य मानले जाते.

ही कसोटी पुरेशी आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. महाविद्यालयीन वर्तुळात या छंदाकडे एकतर संगणकशास्त्राचा उपपदार्थ म्हणून किंवा तरुणांचा वेळखाऊ विरंगुळा म्हणून पाहिले जाते. तो एक चित्रणप्रकार आहे, त्याला स्वतःच्या रूढी व स्वतःचे दोष आहेत, आणि म्हणून तो समीक्षेचा विषय होऊ शकतो, ही बाजू दुर्लक्षित राहते.

मोजपट्टीपासून आरंभ

या छंदाचे मूळ एका खऱ्या गाडीत आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात आयव्हन सदरलंड यांच्या विद्यार्थ्यांनी सदरलंड यांच्या पत्नीची फोक्सवॅगन बीटल मोजली. पत्र्यावर बिंदू व रेषा आखल्या, मोजपट्ट्यांनी प्रत्येक बिंदूचे स्थान ठरविले आणि त्या आकड्यांतून बहुभुजांची जाळी संगणकात उभी केली. चकचकीत पृष्ठभागावरील प्रकाशाचा ठिपका दाखविण्याची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते बुई तुओंग फाँग हे याच विद्यापीठातील. त्यांचा शोधनिबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये जाळीचे पुनःपुन्हा विभाजन करून गुळगुळीत पृष्ठभाग मिळविण्याची रीत मांडली. आजचा हौशी रचनाकार मोटारीचा पत्रा घडवितो तो बहुतेक वेळा याच रीतीने.

दुसरा प्रवाह कारखान्यांतून आला. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनॉ कंपनीतील पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात ज्या वक्ररेषांचे गणित सिद्ध केले, त्या मुळात मोटारीच्या पत्र्यासाठी होत्या. तेव्हा मोटार हा संगणकीय चित्रणाचा अनेकांपैकी एक विषय नव्हे. त्या चित्रणाची भाषाच काही अंशी मोटारीसाठी घडली आहे. पुढे २००२ मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो उभे राहिले आणि ब्लेंडर ही प्रणाली सर्वांसाठी मुक्त झाली. तोवर महागड्या परवान्यांमुळे व्यावसायिकांपुरते मर्यादित असलेले हे काम त्यानंतर घराघरांत शिरले.

या इतिहासातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. युटाच्या विद्यार्थ्यांसमोर चित्र नव्हते, गाडी होती.

तपशिलाची शिस्त

हौशी रचनाकारासमोर मात्र बहुधा ब्लूप्रिंट असते: समोरून, मागून, बाजूने आणि वरून अशी चार दृश्ये. ती पडद्यावर काटकोनात मांडून त्यांच्या आधारे चौकोनांची जाळी विणली जाते. येथील पहिला धडा संयमाचा आहे. जितके बिंदू कमी, तितका पत्रा ताणलेला व सलग दिसतो. बिंदू वाढले की पृष्ठभागावर लाटा उठतात. उघड्या डोळ्यांना न दिसणारी ही लाट प्रतिबिंबात लगेच पकडली जाते. म्हणून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रतिबिंब पत्र्यावर पाडून त्या पट्ट्या कोठे मोडतात ते तपासण्याची प्रथा आहे. गाडीच्या रंगशाळेतील जुना कारागीर ट्यूबलाइटच्या उजेडात पत्रा तिरका पाहून पोचा शोधतो, त्याच जातीची ही दृष्टी होय.

त्यानंतर दारे व बॉनेट यांच्या कडेच्या फटी येतात. नवशिक्याचे मॉडेल येथेच उघडे पडते, कारण त्याची फट म्हणजे नुसती काळी रेघ असते. खऱ्या पत्र्याची कड आत वळलेली असते आणि त्या वळणावर उजेडाची बारीक किनार उमटते. रंगाचेही तसेच. मोटारीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. खाली रंगद्रव्य, वर पारदर्शक लकाकीचा लेप, आणि पाहण्याचा कोन तिरपा होत जाईल तसे वाढणारे परावर्तन, हे सारे वेगवेगळे मांडावे लागते. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या समीकरणावर आधारलेल्या प्रणाली प्रकाशकिरणांचा मार्ग हिशेबात घेतात. आपण ज्याला रेंडरिंग म्हणतो ते शेवटी त्या समीकरणाचे अंदाजे उत्तर असते. बाकीचा भाग डोळ्याचा.

हे कौशल्य थोर आहे, यात शंका नाही. ज्याने पद्मिनीचे नाक बिंदू-बिंदूने जुळविले त्याला त्या गाडीचा चेहरा जसा कळला, तसा तिच्यातून आयुष्यभर प्रवास करणाऱ्यालाही कळलेला नसतो. प्रश्न या कौशल्याच्या दिशेचा आहे.

ब्लूप्रिंटची सत्ता

या छंदाला एक अघोषित अभ्यासक्रम आहे. १९५४ ची पंखासारखी दारे असलेली मर्सिडीज ३०० एसएल, १९६१ ची जॅग्वार ई-टाइप, १९६२ ची फेरारी २५० जीटीओ, साठच्या दशकातील मस्टँग. त्या सुंदर आहेत म्हणून निवडल्या जातात, हे अर्धेच खरे. त्यांची आरेखने, छायाचित्रे आणि खेळण्यातील धातूची लहान मॉडेले मुबलक आहेत, हे उरलेले अर्धे. एकाने काढलेल्या सदोष आरेखनावरून दुसरा रचतो, त्यावरून तिसरा, आणि मूळ चूक प्रमाण होऊन बसते.

भारतीय गाडीपाशी ही सोय संपते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी पद्मिनी या नावाने बाहेर पडली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर. आधार म्हणून जे आरेखन हाती लागते ते इटलीतील फियाट ११०० डी या गाडीचे. त्यात सुकाणू डावीकडे! हौशी रचनाकार ते आरशातून उलटे करतो आणि काम भागवितो. परंतु कुर्ल्यात दशकानुदशके घडत राहिलेली गाडी इटलीतील गाडीची आरशातील प्रतिमा नव्हती. तिची जाळी बदलली, आतील साज बदलला, सुटे भाग येथले झाले. या बदलांची नोंद आरेखनात नाही. ती उभ्या गाड्यांत होती, आणि त्या गाड्या नाहीशा होत आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निरोप घेतला. शेवटची टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरली होती. (पन्नासच्या दशकातील गोलसर फियाटला मुंबईने 'डुक्कर फियाट' म्हटले. आकाराचे इतके नेमके वर्णन कोणत्याही ब्लूप्रिंटमध्ये सापडणार नाही.)

आरसा आणि झीज

मोटारीचे मॉडेल रचताना अर्धीच गाडी केली जाते. उरलेली अर्धी संगणकातील आरसा पुरी करतो. वेळ वाचतो, चूक निम्मी होते. कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या गाडीपुरते ते ठीकही आहे. टॅक्सीला मात्र हा आरसा चालत नाही. मुंबईच्या पद्मिनीचे मीटर बाहेर, डाव्या अंगाला. चालक उजवीकडे बसणार, त्यामुळे आसन उजवीकडे खचणार, खिडकीच्या कडेचा रंग त्याच्याच कोपराने उडणार. टपावरच्या कॅरिअरचे पाय जेथे टेकतात तेथे पत्रा दबणार. पावसाचे पाणी दाराच्या तळाशी साचते, म्हणून गंज तळापासून वर चढणार.

याउलट रूढ रेंडरिंगमध्ये जुनेपणा दाखविण्याची रीत यांत्रिक असते. गणिती ठिपक्यांचा एक थर कडांवर पसरला की गंज झाला, दुसरा पसरला की धूळ झाली. हा गंज कोठूनही आलेला नसतो. तो चित्राला वय देतो, गाडीला आयुष्य देत नाही. फसविण्याच्या कसोटीवर असे चित्र उत्तीर्ण होते, आणि नेमका तेथेच त्या कसोटीचा तोकडेपणा दिसतो.

अमेरिकेतील छायाचित्रसदृश चित्रकारांशी येथे तुलना उपयुक्त ठरेल. रॉबर्ट बेक्टल यांच्या '६१ पाँटिअॅक' (१९६८-६९) या चित्रात गाडी काटेकोर रंगविलेली आहे; परंतु तिच्यासमोर चित्रकाराचे कुटुंब उभे आहे, आणि त्यामुळे ती कोणाची तरी गाडी आहे. हौशी रेंडरिंगमधील गाडी बहुधा काळ्या, ओल्या फरशीवर एकटी उभी असते. तिला मालक नाही, रस्ता नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. स्टुडिओतील हे चित्र म्हणजे आकाराचा अभ्यास आहे. कलाशाळेत प्लास्टरच्या मस्तकावरून रेखाटन करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या मस्तकाचे चरित्र कोणी विचारत नाही. हा आक्षेप मान्य करावयास हवा. मात्र अभ्यासाला अभ्यास म्हणावे. तो पूर्णत्व म्हणून मिरविला जातो तेव्हा वाद उभा राहतो.

चोरखमाऱ्याची जिप्सी

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव तलावासाठी आणि नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वारासाठी ओळखले जाते. १९७० मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. येथे अभिजात मोटारींचे प्रदर्शन भरत नाही. परंतु जंगलात पर्यटकांना नेणारी जिप्सी ही गाडी आता त्याच वर्गात जाऊन बसली आहे. मारुतीने ती १९८५ मध्ये आणली, सुझुकीच्या लहान जीपची लांब आवृत्ती म्हणून. आरंभीचे इंजिन ९७० घनसेंटिमीटरचे, १९९६ पासून १२९८ चे. सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९ मध्ये थांबली. म्हणजे जी गाडी आजही कामावर आहे ती बाजारात नवी मिळणे बंद झाले आहे.

मॉडेलच्या दृष्टीने जिप्सी सोपी समजली जाते: पत्रा सपाट, काच सपाट, कोपरे काटकोनी. हा समज फसवा आहे. पूर्ण सपाट पृष्ठभाग पडद्यावर पुठ्ठ्यासारखा दिसतो. साच्यातून दाबून काढलेल्या पत्र्याला अत्यंत सूक्ष्म फुगवटा असतो आणि तो चुकला की गाडी खोक्यासारखी होते. खरी अडचण मात्र पुढे आहे. सफारीची जिप्सी कारखान्याची राहिलेली नसते. तिचे छत काढलेले, मागे समोर तोंड करून बसण्याची बाके जोडलेली, धरण्यासाठी नळ्यांची चौकट वेल्ड केलेली. ही जोडकामे स्थानिक वर्कशॉपची; एक गाडी दुसरीसारखी नाही. तिचे ब्लूप्रिंट असूच शकत नाही.

झिजेचेही नियम येथले आहेत. मुरमाच्या रस्त्यावर चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब घटतो आणि उडालेली धूळ मागल्या पत्र्यावर येऊन बसते. म्हणून पुढून स्वच्छ दिसणारी गाडी मागून मातकट असते. उभे राहून वाघ शोधणाऱ्यांच्या हातांनी चौकटीच्या नळीचा रंग ठरावीक उंचीवर जाऊन आतले लोखंड चकाकते. मागील दारावरील जादा चाकाच्या भाराने बिजागरीची बाजू थकते. यातील एकही गोष्ट ठिपक्यांच्या थराने साधणार नाही. प्रत्येकीमागे कारण आहे आणि ते माहीत असावे लागते.

झाडीपट्टीला प्रतिरूपाची परंपरा नवी नाही. तान्ह्या पोळ्याला मुले जो लाकडी नंदी ओढत नेतात, त्यात सुतार स्नायू कोरत नाही. वशिंड, शिंगे आणि मान एवढे नेमके साधतो, बाकी सोडून देतो आणि खाली चाके लावतो. बैलाला चाके नसतात. म्हणून कोणी नंदीला खोटा म्हणत नाही. काय ठेवावे आणि काय सोडावे याचा निर्णय तेथे बैलाच्या ओळखीतून येतो. हौशी रचनाकार सारे काही ठेवू पाहतो, आणि सारे ठेवण्याच्या नादात ओळख निसटते. हा आरोप सरसकट नाही. ज्यांनी आपल्या घरची, वडिलांची, गावातली गाडी रचली त्यांच्या कामात हा दोष कमी दिसेल, कारण त्यांनी ती धुतलेली असते.

अशी गाडी रचावयाची तर कामाचा आरंभ पडद्यापासून होऊ शकत नाही. पावसाळ्यात जंगल पर्यटनासाठी बंद असते आणि गाड्या उभ्या असतात. सपाट जागा, ओळंबा, खडू, टेप आणि टिपणवही एवढे साहित्य पुरते. चाकांच्या आसांमधील २३७५ मिलिमीटरचे अंतर कागदोपत्री मिळते. ते गाडीवर ताडून पाहिले की टेप धरण्यातील चूक कळते. छताच्या जागी जोडलेल्या नळ्या, बाकांची उंची, डाव्या-उजव्या दारातील फरक हे कोठेही लिहिलेले नाही. उजवी बाजू संपली की डावी पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागेल.