न्याय्य क्रम कोणाचा?

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१४चा अहवाल न्याय्य क्रम सांगतो : अत्यावश्यक सेवा आधी सर्वांना, गरीब, ग्रामीण माणूस मागे राहता कामा नये. भूमिका रास्त आहे.

पण महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली, २०१७मध्ये महात्मा फुल्यांचे नाव दिलेली योजना मुख्यतः इस्पितळात दाखल झालेल्यांच्या शस्त्रक्रिया व उपचारांचा खर्च उचलते. माझी आई मजुरी बुडेल म्हणून ताप अंगावर काढी. तो ताप या यादीत बसत नाही. सावित्रीबाई १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करतानाच गेल्या. ते नाव पेलायचे, तर प्रथम वस्तीजवळचा दवाखाना उभा राहिला पाहिजे.

अहवाल लोकसहभागही मागतो. परंतु यादी ठरविणाऱ्यांत वस्तीतली माणसे बसली नाहीत, तर आपल्याकडे तो सहभाग कागदावरच राहील.