चोरटी प्रत आणि ऐकलेली गोष्ट : ‘द मॅन फ्रॉम अर्थ’च्या लोकप्रियतेविषयी

कलाकृतीची लोकप्रियता हा समीक्षेचा नव्हे, तर बाजारपेठेचा विषय आहे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रुजलेली आहे. तिचा एक परिणाम असा, की एखादा चित्रपट इंटरनेटवरील चोरट्या प्रतींमुळे आणि तेथील चर्चेमुळे जगभर पोचला, तर त्याविषयी बोलण्याचे काम कायदेपंडितांकडे आणि जाहिरातवाल्यांकडे सोपवले जाते. एक पक्ष त्या घटनेला चोरी म्हणतो, दुसरा लोकशाही. आपले मत बनवण्यासाठी चित्रपट पाहण्याची गरज मात्र दोहोंपैकी कोणालाच भासत नाही. ‘द मॅन फ्रॉम अर्थ’ (२००७) हा अमेरिकन चित्रपट पायरसीच्या समर्थनार्थ वारंवार उद्धृत केला जातो. असंख्य चित्रपटांच्या चोरट्या प्रती निघत असताना नेमक्या याच चित्रपटाचे भाग्य का उजळले, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या संहितेत शोधावे लागते.

घटनाक्रम थोडक्यात असा. रिचर्ड शेंकमन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सुमारे दोन लाख डॉलर एवढ्या तुटपुंज्या खर्चात, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर चित्रित झाला. जाहिरातीसाठी पैसा जवळजवळ नव्हताच. नोव्हेंबर २००७मध्ये त्याची डीव्हीडी बाजारात येण्याच्या सुमारास परीक्षणासाठी वाटलेल्या एका प्रतीवरून त्याची नक्कल झाली आणि ती इंटरनेटवर पसरली. चित्रपटांची माहिती देणाऱ्या ‘आयएमडीबी’ या संकेतस्थळावर अकरा हजारांच्या पलीकडे रेंगाळणारा त्याचा शोधक्रमांक अवघ्या दोनेक आठवड्यांत पहिल्या काहींमध्ये आला. निर्माते एरिक विल्किन्सन यांनी नक्कल करणाऱ्यांचे जाहीर आभार मानले. मात्र त्याच पत्रात, चित्रपट आवडल्यास डीव्हीडी विकत घ्यावी, अशी विनंतीही केली. समर्थक आभार तेवढे उद्धृत करतात, विनंती गाळतात. हाही एक पाठभेदच म्हणायचा.

चित्रपटाची पटकथा जेरोम बिक्स्बी यांची. ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या काही भागांचे लेखक म्हणून विज्ञानकथेच्या वाचकांना ते परिचित होते. १९९८मध्ये मृत्युशय्येवर असताना त्यांनी या पटकथेचा अखेरचा भाग मुलाला सांगून लिहवून घेतला. कथानक एका खोलीत आणि तिच्या अंगणात घडते. जॉन ओल्डमन हा प्राध्यापक नोकरी सोडून निघाला आहे. निरोप द्यायला जमलेल्या सहकाऱ्यांना तो सांगतो, की आपण चौदा हजार वर्षे जगत आलो आहोत. जीवशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि एक श्रद्धाळू ख्रिस्ती प्राध्यापिका असे हे श्रोते आहेत. प्रत्येक जण आपापल्या ज्ञानशाखेच्या कसोटीवर ही गोष्ट घासून पाहतो. कोणी हसतो, कोणी चिडतो. ख्रिस्ताविषयी जॉन जे सांगतो, त्याने ती प्राध्यापिका हादरून जाते. या साऱ्या काळात कॅमेरा भूतकाळात एकदाही जात नाही. चौदा हजार वर्षांचा पुरावा म्हणून प्रेक्षकाच्या हाती केवळ एका माणसाचे बोलणे राहते.

बोलणे प्रतीबरोबर झिजत नाही. वाल्टर बेंयामिन यांनी १९३०नंतरच्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे वलय लोपते, असे प्रतिपादन केले, तेव्हा चित्रपट हे त्यांच्यासमोरचे मुख्य उदाहरण होते. मूळ प्रत नावाची वस्तू चित्रपटाला नसतेच, हा त्यांचा मुद्दा आजही ग्राह्य आहे. तथापि, सर्वच चित्रपट पुनरुत्पादनाला सारखेच सामोरे जातात, असे मात्र नाही. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ (२०१४) या चित्रपटात मुलाचे एकाकीपण कोकणातल्या पावसाच्या रंगावर आणि आवाजावर तोललेले आहे. चित्रपटगृहात लपवून टिपलेल्या धूसर प्रतीत तो पाऊस राखाडी डाग होऊन जाईल आणि त्याबरोबर आशयाचा मोठा भाग निसटेल. ‘द मॅन फ्रॉम अर्थ’मधील संवाद संगणकाच्या छोट्या पडद्यावर आणि निकृष्ट प्रतीतही जवळजवळ पूर्ण पोचतो. म्हणजे पायरसी तटस्थ वाहक नाही. ती निवड करते. कथनप्रधान आणि संवादप्रधान कृती तिच्या वाटेने तगतात, दृश्यभाषेत रुजलेल्या कृती वाटेतच क्षीण होतात. स्वतंत्र चित्रपटाला पायरसी तारते, या सार्वत्रिक विधानाला येथेच पहिला छेद जातो.

मराठी वाङ्मयेतिहासाला नकलेचा प्रश्न नवा नाही. हस्तलिखितांच्या परंपरेत प्रत करणारा हा वाचकही असे. तो चुकत असे, गाळत असे आणि कित्येकदा आपली भर घालत असे. म्हणूनच शके १५०६मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये, असे बजावावे लागले. उलटपक्षी, महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपले. ते पंथापलीकडच्या वाचकाला शतकानुशतके अपरिचित राहिले. प्रसार आणि शुद्धी यांच्यातला हा ताण संगणकीय नकलेत वेगळे रूप घेतो. येथे नकलाकाराला संहितेत हात घालण्याचे कारणच उरत नाही. भर घालण्याची त्याची जुनी ऊर्मी संहितेबाहेर पडून भोवतीच्या चर्चेत जाते. फार तर परभाषिक प्रेक्षकांसाठी हौशी मंडळी उपशीर्षके रचतात, तेथे जुना लेखनिक पुन्हा डोकावतो.

‘द मॅन फ्रॉम अर्थ’भोवती उठलेल्या चर्चेकडे या दृष्टीने पाहावे लागते. ती चर्चा जॉन खरे बोलत होता का, इतिहासातले तपशील जुळतात का, ख्रिस्ताविषयीचे कथन आक्षेपार्ह आहे का, अशा प्रश्नांभोवती फिरते. म्हणजेच त्या खोलीतल्या श्रोत्यांनी विचारलेले प्रश्नच प्रेक्षक पुढे विचारत राहतात. संहितेने आपल्या ग्रहणाचा नमुना स्वतःच्या पोटात वागवलेला आहे आणि चर्चा करणारा प्रेक्षक त्या खोलीतली एक रिकामी खुर्ची घेऊन बसतो. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत बोलायचे, तर त्याचे अपेक्षाक्षितिजही आधीच तयार होते. बिक्स्बींचे नाव ओळखणारा आणि वादाची सवय असलेला विज्ञानकथेचा वाचकवर्ग इंटरनेटवर प्रारंभापासून वावरत होता. ज्या चित्रपटांना असा तयार वर्ग नाही, त्यांच्या चोरट्या प्रती निघतात, पाहिल्या जातात आणि त्यांच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. त्यांची नावे पायरसीच्या समर्थनात येत नाहीत, हे ओघानेच आले.

आता पैशाचा प्रश्न, जो समीक्षेने टाळू नये. पुढचा चित्रपट आपणच इंटरनेटवर टाकू, असे विल्किन्सन २००७मध्ये अर्धवट विनोदाने म्हणाले होते. ‘द मॅन फ्रॉम अर्थ : होलोसीन’ (२०१७) हा उत्तरभाग निर्मात्यांनी जानेवारी २०१८मध्ये खरोखरच ‘पायरेट बे’वर स्वतः ठेवला आणि पाहणाऱ्यांनी ऐच्छिक देणगी द्यावी, असे आवाहन केले. कीर्तनानंतर फिरणाऱ्या आरतीच्या ताटाशी या व्यवहाराचे साम्य आहे. फरक एवढाच, की ताटात काय पडते हे शेजारी बसलेला पाहत असतो, तर संगणकासमोरच्या प्रेक्षकाला शेजारी नसतो. उत्तरभाग निर्मात्यांच्या संमतीने फिरला, पण पहिल्याच्या वाट्याला आलेला मान त्याला मिळाला नाही. त्यात कथा खोली सोडून बाहेर पडते. विद्यार्थी जॉनच्या मागावर निघतात, त्याच्या वस्तू धुंडाळतात. ज्या माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा की नाही, असा पेच पहिल्या चित्रपटाने प्रेक्षकापुढे टाकला होता, त्याच्याविषयी येथे पुरावे गोळा होऊ लागतात. प्रत तितकीच सुलभ होती. वाद घालण्यासारखे मात्र फारसे उरले नव्हते.