सीमा ओलांडली, वेस राहिली

राष्ट्राच्या सीमा खुल्या असाव्यात की बंद, या वादात दोन्ही पक्ष निर्वासिताला जात नसते असे धरून चालतात. मनोरंजन ब्यापारी यांचे ‘इतिवृत्ते चंडाल जीवन’ हे बंगाली आत्मकथन हे गृहीतच उखडून टाकते. पूर्व बंगालातल्या बारिसालच्या नमोशूद्र घरातले हे मूल फाळणीनंतर भारतात आले. सीमा ओलांडता आली. वेस ओलांडता आली नाही. बहुतांशी सवर्ण निर्वासितांनी कलकत्त्याभोवती वसाहती उभारल्या, सरकारने त्या पुढे मान्यही केल्या. नमोशूद्रांची रवानगी छावण्यांतून दंडकारण्यात झाली. तिथून १९७८ साली सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर आलेल्यांची जानेवारी १९७९ मध्ये नाकेबंदी झाली. मे महिन्यात त्यांना हुसकून लावले. हे घडले भारताच्याच हद्दीत, डाव्या राजवटीत.

म्हणून या पुस्तकाला नुसती दुःखाची कहाणी म्हणणारी समीक्षा अपुरी आहे. तुरुंगात अक्षर शिकलेला हा लेखक करुणा मागत नाही, हिशेब मागतो. सीमा खुली करा म्हणणाऱ्यांनी आत आलेला माणूस कुठे राहील ते सांगावे. कुंपण घाला म्हणणाऱ्यांनी ते कोणाच्या रक्षणासाठी ते सांगावे. तोवर गावकुसाबाहेरचा माणूस कोणत्याच बाजूने कौल देणार नाही.